घराण्यातली शुगर आणि हृदयाला लागणारा गंज

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावरून आपण इतकी वर्षं कीर्तनं आणि विद्वानांची व्याख्यानं ऐकलीत, तिथे यंदा रक्त-लघवीचे रिपोर्ट लिहिणाऱ्या माणसांना बोलावण्याचं धाडस कार्यकारिणीने केलं, त्याबद्दल आधी आभार मानतो. आम्ही डॉक्टर नाही. वैद्यकीय प्रयोगशाळेची पदविका घेतली आणि गेली वीसेक वर्षं मध्य प्रदेश शासनाच्या नोकरीत रक्ताचे नमुने तपासतो आहोत. कोणती गोळी घ्यावी हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि आज ते सांगणारही नाही. पण नमुना देताना माणूस जे बोलतो, ते डॉक्टरांपेक्षा आमच्या कानांवर जास्त पडतं.

त्यात दोन वाक्यं आम्ही रोज ऐकतो. पहिलं : "शुगर आमच्या घराण्यातच आहे हो, त्याला कोण काय करणार?" दुसरं : "आमच्या घरात सात पिढ्यांत कुणाला शुगर नाही, आम्हाला कशाला तपासणी?" एकाने हात टेकले आणि दुसऱ्याने हात झटकले. दोघंही तपासणी लांबवतात. आणि यांपैकी काहींची पहिली शुगर आम्ही तपासतो ती छातीत दुखतं म्हणून रात्री दोन वाजता त्यांना आणलेलं असतं तेव्हा. आज बोलायचं आहे ते या दोन वाक्यांबद्दल.

शुगर म्हटलं की आपल्याला पाय, डोळे आणि किडनी आठवते. पण मधुमेही माणसाचा जीव सर्वांत जास्त वेळा जातो तो हृदयविकाराने. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाचं एक छोटं गाव आहे. १९४८ पासून त्या गावातल्या पाच हजारांवर लोकांची प्रकृती वर्षानुवर्षं नोंदवली गेली. १९७४ मध्ये त्या नोंदींवरून असं दिसलं, की मधुमेही पुरुषांत हृदय दुर्बल होऊन निकामी होण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होतं आणि मधुमेही स्त्रियांत ते पाचपट होतं. हा पाचपटीचा आकडा भगिनींनी लक्षात ठेवावा. एरवी पाळी चालू असेपर्यंत बाईच्या हृदयाला निसर्गाचं थोडं संरक्षण असतं. शुगर ते काढून घेते. आणि आपल्या घरांत तपासणीला सर्वांत शेवटी जाते ती घरची बाईच.

त्याआधी दोन वर्षं, १९७२ मध्ये, रुबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांच्या शवविच्छेदनाची हकीगत छापली. चौघांचं हृदय निकामी झालं होतं, पण हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत अडथळा नव्हता. म्हणजे नळी तुंबल्यानेच हृदयाला धोका होतो असं नाही. शुगर थेट हृदयाच्या स्नायूलाही पोखरू शकते. या प्रकाराला आज डायबेटिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात.

तिसरी गोष्ट जास्त घातकी आहे. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की पायांच्या नसांप्रमाणे हृदयाच्या नसाही बधिर होतात. मग झटका आला तरी छातीत कळ येत नाही. नुसता घाम येतो, दम लागतो, मळमळतं, जबडा किंवा पाठ दुखते, गळून गेल्यासारखं वाटतं. घरचे म्हणतात ॲसिडिटी आहे, ओवा द्या. आपल्या जुन्या घरांत एक गोष्ट अभिमानाने सांगतात : "आजोबा काय पुण्यवान! रात्री जेवले, पान खाल्लं, झोपले ते उठलेच नाहीत." त्या आजोबांना नक्की काय झालं ते आता कुणी सांगू शकत नाही. पण त्यांना शुगर होती का, एवढं तरी घरात कुणी विचारलं आहे का?

आता हे सगळं घडतं कसं ते पाहू. लोखंडाची कढई ओली ठेवली तर तिला गंज चढतो. गंज म्हणजे लोखंडाचा प्राणवायूशी झालेला संयोग. ज्या प्राणवायूवर आपण जगतो, तोच धातू खातो. शरीरातही असंच काहीसं चालतं. बहुतेक पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या असतात. साखर आणि चरबी प्राणवायूच्या मदतीने जाळून त्या शक्ती तयार करतात. भट्टी म्हटली की ठिणग्या उडणारच. या ठिणग्या म्हणजे अर्धवट जळालेल्या प्राणवायूचे चिडखोर कण, फ्री रॅडिकल्स. ते ज्याला शिवतील त्याला बिघडवतात. त्या विझवण्याची सोयही शरीराने केलेली आहे. ग्लुटाथायोनसारखी द्रव्यं आणि काही खास प्रथिनं ते काम चोवीस तास करत असतात.

रक्तात साखर मावेनाशी झाली, की काही पेशींत ती मुकाट्याने शिरत राहते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी अशा आहेत. त्यांना दार लावून घेता येत नाही. भट्टीत जळण जास्त झालं की ठिणग्या जास्त होतात आणि विझवणारी द्रव्यं अपुरी पडतात. या अवस्थेलाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. न्यूयॉर्कच्या मायकेल ब्राउनली यांनी २००१ च्या सुमारास ही साखळी नीट मांडली. शुगरमुळे होणाऱ्या निरनिराळ्या बिघाडांच्या मुळाशी या भट्टीतल्या जादा ठिणग्या आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

या ठिणग्या हृदयाचं नुकसान तीन वाटांनी करतात. रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बनवतं. तो वाहिनीला सैल ठेवतो आणि रक्त चिकटू देत नाही. ठिणग्या हा वायू खाऊन टाकतात, मग वाहिनी आवळलेली राहते. दुसरं, एलडीएल म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते ठिणग्यांनी बिघडलं की शरीराच्या सफाई पेशी ते अधाशासारखं गिळतात आणि फुगून वाहिनीच्या भिंतीत बसतात. तोच पुढे अडथळा होतो. तिसरं, हृदयाच्या स्नायूतच सूज येऊन तंतू वाढतात, स्नायू ताठर होतो आणि ठोक्यागणिक नीट सैल पडत नाही. यांपैकी काहीही दुखत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

रक्तातल्या प्रथिनांवर साखर चढते ते मात्र आम्हाला प्रयोगशाळेत मोजता येतं. तीच एचबीएवनसी तपासणी. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्या हिमोग्लोबिनवर किती साखर चिकटली, ते त्या आकड्यात उतरतं. काही मंडळी तपासणीच्या आधी दोन दिवस गोड बंद करून येतात. उपाशीपोटीचा आकडा त्याने छान येतो, पण एचबीएवनसीत गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सराफ्याच्या सगळ्या फेऱ्या दिसतात!

हा गंज मागचं विसरत नाही, हेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये १९७७ साली यूकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. नुकतीच शुगर निघालेल्या पाच हजारांवर लोकांपैकी काहींची साखर कडकपणे आटोक्यात ठेवली, काहींची नेहमीच्या पद्धतीने. १९९७ मध्ये अभ्यास संपला आणि वर्षभरात दोन्ही गटांची साखर सारखी झाली. तरीही दहा वर्षांनी पाहिलं, तर सुरुवातीला कडक राहिलेल्यांत हृदयविकाराचे झटके कमी होते. सुरुवातीची शिस्त कामाला आली होती. ज्या २००८ साली हे छापून आलं, त्याच वर्षी अमेरिकेतल्या ॲकॉर्ड नावाच्या अभ्यासातून उलट बाजू दिसली. साधारण दहा वर्षं शुगर असलेल्या आणि हृदयाला धोका असलेल्या लोकांची साखर एकदम फार खाली ओढली, तेव्हा मृत्यू वाढले आणि अभ्यासाचा तो भाग थांबवावा लागला. म्हणून म्हाताऱ्या माणसाचा आकडा किती असावा हे डॉक्टरांनीच ठरवावं. कडक शिस्तीचा खरा फायदा असतो तो पहिल्या वर्षांत, जेव्हा माणसाला काहीच होत नसतं.

आता घराण्याकडे वळू. आपले पूर्वज होळकरांबरोबर किंवा त्यानंतर नोकरी-शिक्षणासाठी माळव्यात आले. येताना देव्हारा आणला, कुळाचार आणले, गोडा मसाला आणला. आणि न दिसणारी एक वस्तूही आणली, ती म्हणजे जनुकं. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर अपत्याला आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के धरतात. दोघांनाही असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास. पण याचा अर्थ शुगरचं एकच जनुक असतं आणि ते आलं की संपलं, असा नाही. अशी शेकडो ठिकाणं सापडली आहेत आणि प्रत्येकाचा भार थोडा थोडा आहे. त्यांत वजनदार ठरलेल्या एका जनुकाचं नाव टीसीएफ७एल२. ते २००६ मध्ये आइसलंडच्या शास्त्रज्ञांना सापडलं. पुढच्याच वर्षी पुण्याचे रुग्ण तपासून पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या आणि हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं, की आपल्या लोकांतही ते तसंच काम करतं.

पुण्याचंच आणखी एक उदाहरण देतो, कारण ते दुसऱ्या वाक्याला उत्तर आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं गेलं. दोघांच्या उंची-वजनाचं गुणोत्तर अगदी एकच, २२.३. म्हणजे दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! आपल्याकडचा बारीक माणूस आतून बारीक असेलच असं नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिक यांच्या गटाला जन्मतः कमी वजनाच्या बाळांतही हाच प्रकार दिसला, मांस कमी आणि चरबी तुलनेने जास्त. यात जनुकांबरोबर आईच्या पोटातल्या पोषणाचाही वाटा आहे. तेव्हा "आम्ही काटक, आमच्या घरात नाही" हे आरशात पाहून ठरवता येत नाही. आणि सात पिढ्यांतल्या पहिल्या पाच-सहांची शुगर कुणी तपासली होती?

जनुकं आणि गंज यांची गाठ कुठे पडते, ते आता पाहू. तांबड्या पेशी जुन्या होऊन फुटतात, तेव्हा त्यांतलं हिमोग्लोबिन मोकळं सुटतं. त्यात लोह असतं आणि मोकळं लोह म्हणजे ठिणग्यांना वारा. हे मोकळं हिमोग्लोबिन पकडून नेणारं एक प्रथिन आहे, हॅप्टोग्लोबिन. त्याच्या जनुकाचे दोन मुख्य नमुने असतात, एक नंबरी आणि दोन नंबरी. आईकडून आणि बापाकडून दोन्हीकडून दोन नंबरी नमुना मिळाला, तर ते प्रथिन गंज रोखण्यात कमी पडतं. इस्रायलचे अँड्र्यू लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मधुमेही लोकांत अशा दुहेरी नमुन्याला हृदयविकाराचा धोका सुमारे पाचपट दिसला. हा दोन नंबरी नमुना भारतात फार मोठ्या प्रमाणावर आढळतो.

दुसरा दुवा २०१३ मध्ये अमेरिकेत सापडला. एका जनुकाजवळचा एक फरक असा निघाला, की तो असेल तर मधुमेही माणसाला हृदयविकाराचा धोका वाढतो, पण मधुमेह नसलेल्याला तोच फरक काही त्रास देत नाही. या जनुकाचं काम ग्लुटाथायोनच्या कारखान्याशी जोडलेलं आहे.

या दोन्ही उदाहरणांतून आम्ही एवढंच घेतो. विझवणारं पथक अशक्त असेल, तर तो दोष वारशाने आलेला असतो आणि तो बदलता येत नाही. पण भट्टीत जळण किती टाकायचं, ते आपल्या हातात असतं. जळण मापात राहिलं तर अशक्त पथकाचंही निभावतं. म्हणजे ज्याच्या घराण्यात आहे, त्याने हात टेकायचे नाहीत. त्याने इतरांपेक्षा लवकर आणि जास्त सांभाळायचं. या जनुकांची तपासणी करून घ्या असं मात्र आम्ही म्हणणार नाही. ती अजून नेहमीच्या उपचाराचा भाग नाही. घरातल्या माणसांचा इतिहास हीच आपली स्वस्त आणि चांगली जनुक तपासणी.

इथे हमखास प्रश्न येतो : "मग गंज उतरवायच्या गोळ्या मिळतात, त्या घेऊ का?" अँटिऑक्सिडंट म्हणून जाहिराती होतात, त्या गोळ्या. होप नावाच्या मोठ्या चाचणीत ९,५०० च्या वर लोकांवर व्हिटॅमिन ई वापरून पाहिलं, त्यांत मधुमेहीही बरेच होते. २००० साली निकाल आला. हृदयविकार कमी झाला नाही. ओली लाकडं चुलीत कोंबत राहायचं आणि पदराने धूर वारायचा, असा तो प्रकार आहे. पुढे त्या दुहेरी दोन नंबरी हॅप्टोग्लोबिनवाल्या मधुमेही लोकांत इस्रायलमध्ये व्हिटॅमिन ईने फायदा झाल्याचं दिसलं. पण तेवढ्यावरून सगळ्यांना द्यावं असा सल्ला कुणी देत नाही. मनाने सुरू करू नका. त्यापेक्षा भाज्या, डाळी, शेंगदाणे आणि आवळा ताटात असू द्या.

करायचं काय, ते आता थोडक्यात. तीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाने शुगर आणि रक्तदाब तपासावा. सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्यांसाठी ही सोय आहे. उपाशीपोटी १०० च्या खाली ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, १२६ किंवा वर आलं तर मधुमेह धरून डॉक्टर पुन्हा खात्री करतात. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो, म्हणून दोन्ही पाहाव्यात. गरोदरपणी ज्यांना शुगर निघाली होती आणि बाळंतपणानंतर गेली, त्यांनी ती गेली असं समजू नये. त्यांनी नियमित तपासणी करावी. ज्यांना शुगर आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासावं, डॉक्टर म्हणतील तेव्हा ईसीजी काढावा. तंबाखू आणि सिगारेट पूर्ण बंद. जळत्या भट्टीवर ते रॉकेल आहे.

उंबरठ्यावरून माणूस मागे फिरू शकतो, हे आपल्याच देशात सिद्ध झालं आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं, की उंबरठ्यावरच्या लोकांनी चालणं आणि आहार सांभाळला, तर तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी होतो. आपण इंदूरकर. पोहे-जिलबी सोडा म्हटलं तर मंडळ आम्हाला पुढच्या वर्षी दारातच अडवेल! पोह्यांत मटार-शेंगदाणे वाढवा, वरची शेव चिमूटभर घ्या, जिलबी सणावारी ठेवा. दुपारच्या चहाबरोबरचं नमकीन मात्र रोज नको. जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं हे रात्रीच्या सराफ्यापर्यंत चालत जाण्याइतकंच सोपं आहे. फक्त तिथे न खाता परत यायचं! प्रसादाचा मोदक नाकारू नका, एक घ्या. आणि चालू असलेली औषधं कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. आता काही नवी औषधं साखरेबरोबर हृदयालाही जपतात, त्याबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा.

शेवटी मंडळाकडे एक मागणं आहे. आपल्यातल्या अनेक घराण्यांचे कुळवृत्तांत छापलेले आहेत. मूळ गाव कुठलं, कुणाला कोणती सनद मिळाली, कोण कुठे कारकून होतं आणि कोण वकील, हे सगळं त्यांत आहे. माणूस कशाने गेला आणि कितव्या वर्षी, हे मात्र नाही. सनदेचा आज उपयोग नाही, या माहितीचा आहे. या दहा दिवसांत दूरची माणसं घरी येतात, म्हातारी मंडळी आरतीला एकत्र बसतात. त्यांना विचारा, कुणाला शुगर होती, कुणाचे पाय बधिर झाले होते, कोण झोपेतच गेलं. एका वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला जाताना ती डॉक्टरांना दाखवा. ज्या घरात अशी वही लिहिली जाईल, त्या घरातल्या तिशीच्या पोराला आपण कुठे उभे आहोत ते वेळेवर कळेल.

 आरतीनंतर मागच्या खोलीत आम्ही रक्तदाब आणि बोटाच्या थेंबावर शुगर तपासायला बसणार आहोत. भगिनींनी आधी यावं, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!